तिसऱ्याचं नाक

शुक्रवारी रात्री साडेनऊला भाग ११८ आला आणि चष्मेवाल्याने मेसेज डिलीट केला.

मी वाचता वाचता थांबले. आई पलंगावर टेकून बसल्या होत्या. डोळ्यांवर ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा, मांडीवर परात, परातीत मटार. मटार सोलायला डोळे लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"काय झालं? नेट गेलं का?"

"नाही. त्याने तिच्या फोनमधला मेसेज उडवला."

"कोणी, बुलेटवाल्याने?"

"चष्मेवाल्याने."

परातीतला हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "पुढे वाच."

पुढे काही नव्हतंच. पुढे 'क्रमशः' होतं.

मालिकेचं नाव सांगत नाही. लेखिका टोपणनावाने लिहिते, मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक भाग टाकते. तिला नोकरी आहे, मुलं आहेत. हे मला कळतं, कारण अधूनमधून भागाच्या शेवटी ती माफी मागते: घरी पाहुणे आहेत, मुलीची चाचणी आहे, मंगळवारचा भाग येणार नाही. कथेतल्या माणसांना छान नावं आहेत, पण आमच्या घरात ती कोणी वापरत नाही. नायिका म्हणजे नुसती 'ती'. ती तालुक्याच्या गावात रोपवाटिका चालवते. चष्मेवाला तिच्या भावाचा मित्र, क्लासमध्ये गणित शिकवतो. तिच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो आणि बाहेरच्या बाकड्यावर चार चार तास पेपर तपासत बसतो. बुलेटवाला कॉलेजातला. एकदा न सांगता निघून गेलेला आणि भाग ४१ मध्ये परत आलेला. पावसात. हे लोक कायम पावसातच का परत येतात कोण जाणे, मार्चमधल्या दुपारी आले तर काय बिघडतं!

ही मालिका मी खरं तर एकटीच वाचायचे. पंचवटीतून अंबडला कामावर जाताना, बसमध्ये. द्वारका सर्कलला बस अडकली की एक भाग आरामात संपतो, आणि द्वारकेला बस अडकत नाही असा दिवस नाशिककराच्या आयुष्यात उगवायचा आहे. ऑफिसात कोणी विचारलं, काय वाचताय, तर मी बातम्या म्हणायचे. पन्नाशीला टेकलेल्या, जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्या बाईने 'तो दोघांतला कोणता' या प्रश्नात जीव अडकवून घ्यावा, हे सांगण्यासारखं नाही.

डिसेंबरात आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जानेवारीच्या शेवटी दुसऱ्याचं. मध्ये थेंबांचं वेळापत्रक, डोक्यावरून अंघोळ बंद, खाली वाकणं बंद, वाचन बेताने. ज्या बाईला जेवतानाही ताटाशेजारी काहीतरी छापील लागतं, तिला हे वाचनाचं पथ्य सगळ्यात जड गेलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तू त्या फोनमध्ये रोज काय वाचतेस, ते मला वाच."

"तुम्हाला नाही आवडायचं. फालतू आहे."

"फालतू तर फालतू. छापलेलं असतं तर म्हणाली असतीस का असं?"

म्हटलं नसतं. मी पहिल्या भागापासून सुरुवात केली. रोज रात्री दोन, कधी तीन. तेराव्या भागाला आईंनी पक्ष घेतला, आणि तो बुलेटवाल्याचा.

मला वाटलं होतं उलट होईल. वयाने अठ्ठ्याहत्तर, घराण्यात सगळे नोकरदार, देवळात काकड्याला जाणारी बाई. तिला नाकासमोर चालणारा, वडिलांची सेवा करणारा मुलगा आवडेल, आणि मला निदान वाचताना तरी थोडं वाह्यात व्हायची मुभा मिळेल. झालं भलतंच. मी चष्मेवाल्याच्या बाजूने इतकी ठाम उभी, की बुलेटवाला आला की माझ्या कपाळाला आठी पडायची. एकदा आई म्हणाल्या, "तू त्याचं बोलणं वाचताना घसा का खरवडतेस गं?"

"कुठे?"

"चष्मेवाला बोलतो तेव्हा तुझा आवाज दुधावरच्या सायीसारखा. आणि हा बोलला की उंबऱ्यावर वसुलीवाला आल्यासारखा. लेखिकेने असं लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. शिवाय आणखी एक पाप मी केलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. भाग ६७ मध्ये बुलेटवाला तिच्या रोपवाटिकेतल्या मेलेल्या कलमांना रात्रभर पाणी घालत बसतो असा एक परिच्छेद आहे. चांगला आहे. मी तो गाळला. पान उलटल्यासारखा अंगठा वर सरकवला आणि पुढचं वाचू लागले. मेसेज उडवणाऱ्यावर मी चिडले खरी, पण त्या हिशेबात हेही मांडायला हवं.

आईंना क्रमशः नवीन नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढलं, तेव्हापासून मराठी घरं पुढच्या अंकाची वाट बघतायत. आई १९६६ साली लग्न होऊन पंचवटीतल्या वाड्यात आल्या. सासरे सार्वजनिक वाचनालयाचे सभासद. ते वाचनालय १८४० सालचं, आणि वाड्यातल्या बायकांच्या दृष्टीने त्याचं महत्त्व एवढंच, की तिथून मासिक घरी यायचं. आधी सासरे वाचणार, मग थोरल्या जाऊबाई, मग दुसऱ्या, आणि परत द्यायच्या आदल्या रात्री धाकटी सून, म्हणजे आई. कंदिलाची वात बारीक करून, कारण नवरा झोपलेला. त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती. एक मुलगी, तिला मागणी घालणारे दोन जण. एक वकील, एक चित्रं काढणारा. वर्षभर चालली. शेवटच्या भागाचा अंक आला तेव्हा तीन पानं ब्लेडने कापलेली. पाठीमागच्या बाजूला स्वेटरच्या विणीचा नमुना होता म्हणे, तो कुणीतरी नेला.

"मग कळलं का, कोणाशी झालं?"

"कुठून कळणार? वाचनालयात जाऊन धाकट्या सुनेने विचारायचं का, त्या मुलीचं कोणाशी जमलं म्हणून?"

"पण मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं! पोळ्या लाटताना मी लावत बसायचे. एका महिन्यात वकिलाशी, पुढच्या महिन्यात चित्रवाल्याशी. कंटाळा आला की तिला मास्तरीण करायचे, दोघंही नकोत."

पन्नासहून जास्त वर्षं ती गोष्ट या बाईच्या पोळपाटावर चालू आहे. ज्याने विणीचा नमुना कापून नेला, त्याचा किंवा तिचा स्वेटर कधीच विरला असेल.

क्रमशः वाचण्यातलं सुख मला यातच सापडतं. भाग वाचायला सात मिनिटं लागतात. बाकीचे तीन दिवस आपले. भाजी चिरताना, सिग्नलला, कुणाचं तरी न जुळणारं बिल पुन्हा तपासताना आपण दोघांनाही तिच्या शेजारी उभं करून बघतो. आमच्याकडे गोदावरीला पूर किती आला हे सरकारी आकड्यांवरून कळत नाही, दुतोंड्या मारुतीवरून कळतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कंबरेला, छातीला. तसं या मालिकेचं होतं. भाग ६० ला कंबर, भाग ९० ला छाती. काठावर उभं राहून बघायचं, आणि पाणी उतरू नये असं मनातून वाटत असतं, हे कुणाजवळ बोलायचं नाही.

भाग ११८ मध्ये काय झालं, ते नीट सांगते. ती आत वडिलांजवळ. तिचा फोन बाहेर बाकड्यावर, चार्जिंगला. चष्मेवाला शेजारी पेपर तपासत बसलेला. स्क्रीन उजळते. बुलेटवाल्याचा मेसेज: उद्या सकाळच्या गाडीने जातोय, तू थांब म्हणालीस तर थांबेन. चष्मेवाला लाल पेनाचं टोपण लावतो. फोन उचलतो. पासवर्ड त्याला माहीत आहे, कारण वडिलांच्या रिपोर्टसाठी तिनेच सांगितलेला. मेसेज उडवतो. फोन होता तसाच, होता त्याच कोनात ठेवतो. आणि पुढचा पेपर घेतो. क्रमशः.

मी रात्री दीडपर्यंत जागी होते. हा असं करणारच नाही. ११७ भाग मी याला ओळखते. याने एकदा रिक्षावाल्याला दहा रुपये कमी गेले म्हणून परत जाऊन दिले होते, भाग २२. हे त्याने केलं नाही, लेखिकेने त्याच्याकडून करवून घेतलं. कारण सरळ आहे. दोघंही चांगले असतील तर नायिकेला निवडता येत नाही, आणि निवडलं तर अर्धे वाचक नाराज. मग एकाला खाली ढकलायचं. त्याच्या हातून एक घाण करवायची, की तिचा मार्ग मोकळा आणि आपलंही मन मोकळं. लहानपणी आम्ही 'दोघांत तिसरा, आता सगळं विसरा' म्हणायचो ना, तसं. विसरायला सोपं जावं म्हणून आधी त्याला काळं फासायचं.

ही युक्ती जुनीच आहे. खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये, १९११ च्या, भामिनीपुढे धैर्यधर आणि लक्ष्मीधर. पण तिथे चढाओढ कुठे आहे? लक्ष्मीधर श्रीमंत, दागिन्यांनी मढलेला आणि पहिल्या दर्जाचा भित्रा. त्याच्यावर हसायचं, बस. आई म्हणतात, त्याचं काम करणारा नट चांगला असला की टाळ्या त्यालाच. तरी त्याच्यासाठी कुणी रडत घरी गेलं नाही.

माझ्या मुलीने, ती पुण्याला शिकते, फोनवर माझी सगळी तणतण ऐकून घेतली आणि अमेरिकन लेखिका अल्कॉटबाईंचं सांगितलं. 'लिटल विमेन' या त्यांच्या चार बहिणींवरच्या कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये आला. वाचक मुलींची पत्रं सुरू झाली, या बहिणींची लग्नं कोणाशी होणार? त्यांतल्या ज्योचं शेजारच्या लॉरीशी व्हावं असं सगळ्यांना वाटत होतं. अल्कॉटने डायरीत लिहून ठेवलं, की कुणाला खूश करायला मी ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, त्यात लॉरी ज्योला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. मुलगी म्हणाली, "मम्मी, पण लॉरीला वाईट नाही केलं तिने. तो चांगलाच आहे, तरी नाही."

ते मला फार पटलं. चांगल्या माणसालाही नाही म्हणता आलं पाहिजे. समोरचा लबाड निघाला म्हणून नाही म्हटलं, तर त्यात त्या बाईचं काय राहिलं? तो तर कुणीही दिला असता असा नकार. लेखिकेने चष्मेवाल्याचं चारित्र्य घालवलं एवढीच माझी तक्रार नव्हती. तिने नायिकेचा 'नाही' पण घालवला.

हे सगळं मी आईंना ऐकवलं. त्या मटाराच्या शेंगा एका पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या, "भाग येऊ दे."

भाग आला नाही. मंगळवारी चार ओळी आल्या. मुलीची दहावी आहे, पुढचा भाग परीक्षा संपल्यावर. वर जोडलेले दोन हात. खाली वाचकांचा नुसता आक्रोश, त्यात माझाही एक, तो मी नंतर काढून टाकला. बिचारीने पोरीचा भूगोल घ्यायचा की चष्मेवाल्याचा निकाल लावायचा?

आईंच्या दुसऱ्या डोळ्याची शेवटची तपासणी झाली, काळा चष्मा सुटला. बाहेर पडल्यावर त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. "अगं, निळा रंग केवढा निळा आहे!" समोर प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान होतं. त्यांना घरी जायचं नव्हतं. म्हणाल्या, तपोवनात जाऊ, किती वर्षांत गेले नाही. रिक्षा केली.

तपोवनात कपिला-गोदावरीच्या संगमापाशी लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय अशी मूर्ती आहे. बाहेरगावचे लोक तिच्यापुढे फोटो काढतात. आम्ही पंचवटीकर तिच्याकडे बघतही नाही, जशी आपण आपल्याच गल्लीची पाटी वाचत नाही. नासिक हे नाव त्या नाकावरूनच पडलं असं सांगतात. काही जण म्हणतात नऊ टेकड्यांवरून. मोगलांनी गुलशनाबाद असं चांगलं फुलाफुलांचं नाव दिलं होतं, ते टिकलं नाही. नाक टिकलं.

आई नव्या डोळ्यांनी त्या मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी गोष्ट सांगितली, जणू मला माहीतच नाही. ती आली, रामाला म्हणाली लग्न कर. राम म्हणाला, माझं झालंय, हा धाकटा बघ, एकटा आहे. ती लक्ष्मणाकडे. लक्ष्मण म्हणाला, मी तर दादाचा दास, माझ्याशी लग्न करून दासी होशील, त्यापेक्षा त्याचीच धाकटी हो. ती परत रामाकडे.

"थट्टा केली बाई तिची दोघांनी," आई म्हणाल्या. "तिला ती कळली नाही."

मी म्हटलं, "तेच म्हणतेय मी. तिसऱ्याचं नाक कापल्याशिवाय जोडी शोभून दिसत नाही. आख्ख्या गावाचं नाव ठेवलंय त्यावर. आपली लेखिका तरी वेगळं काय करतेय?"

मला वाटलं, आता त्या मान डोलावतील. आईंनी माझ्याकडे बघितलं. काळा चष्मा नसल्याने ते बघणं महिन्याभरात पहिल्यांदा थेट अंगावर आलं.

"ती सीतेवर धावून गेली, ते का गाळतेस? खाऊन टाकते म्हणाली सीतेला. नाक त्यानंतर कापलं. तुझी सवय आहे, नको ते गाळायची." थोडं थांबून म्हणाल्या, "कलमांना पाणी घातलेलं मला ठाऊक आहे."

"कसं?"

"पुढच्या भागात ती कलमं जगली म्हणून वाचलंस. मग पाणी काय तुझ्या काकांनी घातलं?"

मी गप्प. शेजारी एक कुटुंब चणेफुटाण्यांच्या पुडीसाठी भांडत होतं.

"आणि त्या चष्मेवाल्याचं सांगू? मला तो आत्ता कुठे आवडायला लागलाय."

"आत्ता? मेसेज उडवल्यावर?"

"मग! दोन वर्षं नुसता ड्युटी करत होता. औषधं आण, बाकड्यावर बस, दहा रुपये परत दे. त्याला ती हवी आहे असं एकदा तरी वाटलं का तुला? मला नाही वाटलं. परवा पहिल्यांदा त्याचा हात थरथरला असेल."

"हात थरथरला असं लिहिलेलं नाही, आई."

"टोपण लावलं ना पेनाला? गणिताचा मास्तर पेपर अर्ध्यात टाकून पेनाचं टोपण लावतो का कधी?"

यावर मला उत्तर नव्हतं. रिक्षात बसल्यावरही सुचलं नाही. मी ज्या माणसाच्या बाजूने शंभरावर भाग भांडत होते, तो मला एवढ्याचसाठी आवडत होता की तो काही मागत नव्हता. आणि न मागणारा माणूस आवडणं फार सोयीचं असतं. घरातली अशी माणसं सगळ्यांची लाडकी असतात. मी स्वतः त्यातलीच आहे अशी माझी समजूत आहे. आमच्या ह्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. त्याने एकदा मागितलं, तेही चोरून, घाणेरड्या पद्धतीने, तर मी लगेच लेखिकेला दोषी धरून त्याला सोडवायला निघाले. तो असं करणारच नाही, म्हणजे मी त्याला करू देणार नाही.

लेखिकेने युक्ती केली असेल, नसेलही. तिचा निकाल अजून लागायचाय. पुढच्या भागात चष्मेवाला सरळ खलनायक झाला, दातओठ खात वगैरे, तर माझी तक्रार मी परत घेऊन उभी आहे. पण तो दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगून टाकेल, अशीही एक वाट आहे. किंवा सांगणार नाही, डायलिसिसला घेऊन जात राहील, आणि फक्त आपल्याला माहीत असेल. या तिसऱ्या वाटेने बघितलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. ती मी रोज द्वारकेला लावून बघते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाल्या, आता नीट दिसतंय, फोन दे, माझा मी वाचते. मी दिला. अक्षर मोठं करून दिलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि फोन परत केला.

"नाही जमत. तूच वाच. ११८ परत."

"तोच?"

"तोच. आणि ६७ मधला पाण्याचा तेवढा राहिलाय, तो आधी."

मी ६७ काढला. कलमांचा परिच्छेद वाचला, घसा न खरवडता, जमेल तसा. आईंनी मधे काही म्हटलं नाही. मग ११८ उघडला. बाकडं, चार्जिंगला लावलेला फोन, पेपरांचा गठ्ठा. स्क्रीन उजळली. त्याने लाल पेनाचं टोपण लावलं, इथपर्यंत नीट आले. पुढच्या ओळीवर थांबले, कारण तिथे तो मनात एक वाक्य म्हणतो, आणि त्याला आता कुठला आवाज लावायचा ते मला ठरवता येईना.